फोपनारात कोणी आजारी नाही

त्या वर्षी वैशाखात फोपनार गावात कोणीही आजारी नव्हतं. एरवी ओट्यावर चार माणसं जमली की प्रत्येकाला आपल्या पोटाचं, पाठीचं, गुडघ्याचं सांगायची कोण हौस! पण लगनसराई लागली की हेच गाव टुणटुणीत होऊन उभं राही. कारण एकच, पोरी उजवायच्या होत्या. सोयरीक ठरण्याआधी पलीकडच्या गावच्या बाया विहिरीवर येऊन हळूच विचारून जात, घर कसं, माय कशी, घरात काही बिमारी तर नाही ना? आणि एकदा का त्या घरात बिमारी आहे असं कर्णोपकर्णी झालं, की पुढचा प्रत्येक सोयरा वेशीवरूनच परत फिरला म्हणून समजा. त्यामुळं खोकला गिळायचा, कण्हणं पोटात ठेवायचं आणि हसतमुखानं दारात उभं राहायचं, हे पोरींच्या आयांना कोणी शिकवावं लागत नसे. चीड यावी अशीच ही रीत. पण चिडायचं कोणावर? विचारणाऱ्या बायाही पोरींच्याच आया होत्या.

सोजरबाईला मात्र त्या वैशाखात नुसतं उभं राहणंच जड झालं होतं. हिवाळ्यात कापूस वेचताना तिला पहिल्यांदा वाटलं, आज वारा पडलाय. वारा चांगला सुटला होता, तिच्या छातीत तो मावत नव्हता. मग पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. आडवं झालं की कोणी छातीवर येऊन बसल्यासारखं होई, म्हणून ती सरकीच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लावी. झोपेत घसरून खाली आली की जीव घाबरा होई. मग आशा उठे, मायच्या काखांत हात घालून तिला वर ओढून बसवी आणि श्वास ठिकाणावर येईपर्यंत पाठ चोळत राही. आशा तिची एकुलती एक लेक, सतरा वर्षांची, आणि लगीन तिचंच जमवायचं होतं.

नवरा गिरधर बाहेर अंगणात खाटेवर निजे. त्याला हे सगळं ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. केळीला पाणी कधी सोडावं असं कोणी विचारलं तर दुपार होईपर्यंत बोलत बसणारा हा माणूस बायकोच्या बाबतीत अगदी मुका होता.

"माय, बऱ्हाणपूरले जाऊ ना डॉक्टरकडे," आशा कितीदा तरी म्हणाली.

"तुझं लगीन होऊ दे. मंग नेशीन तिथं येईन."

"लगीन झाल्यावर मी कशी नेईन तुले? मी तर शाहपूरले राहीन."

यावर सोजरबाई पोरीला पाणी आणायला पिटाळी.

शाहपूरचं स्थळ चालून आलं होतं. मोतीलाल म्हणून तिथले खातेपिते शेतकरी, मुलगा रमेश मॅट्रिक होऊन तहसील कचेरीत लागलेला. मुलानं मुलीला बाजारात पाहिलं होतं आणि घरी जाऊन हीच पाहिजे म्हणून हटून बसला होता. आता मुलाची आई मालूबाई घर पाहायला येणार होती. तिनं हो म्हटलं की सुपारी फुटली. तिला नाही म्हणायला कारण मिळू नये, एवढ्यासाठी सोजरबाई डोळ्यात तेल घालून स्वतःच्या श्वासावर पहारा देत होती.

आणि नेमकी याच महिन्यात सरकारला गावाची नाडी पाहायची बुद्धी झाली. भोपाळ राजधानी होऊन तेव्हा वर्षही सरलं नव्हतं. कालपर्यंत नागपूरकडं तोंड करून बसलेल्या लोकांना आता कूस बदलून भोपाळकडं पाहायचं होतं. चावडीवरचे कागद हिंदीतून येऊ लागले होते आणि आपण नक्की कोणाचे, यावर ओट्यांवर रोज भांडणं होत होती. अशात एक दिवस वामन मास्तर छत्री घेऊन दारोदार फिरू लागले. हे बऱ्हाणपूरच्या शाळेत गणित शिकवायचे. उन्हाळ्याची सुटी होती म्हणून त्यांना या कामावर घेतलं होतं. प्रश्न दिल्लीत कोणीतरी तयार केलेले, भोपाळमार्गे हिंदीतून आलेले, आणि मास्तर ते मराठीत करून विचारत. जो हो म्हणेल त्याला तपासायला इंदूरचे एक डॉक्टर गावच्या शाळेत येऊन बसणार होते.

सोजरबाई उंबऱ्याच्या आत बसूनच बोलली. उठली असती तर मास्तरांचा पाहुणचार करावा लागला असता आणि चुलीपर्यंत जाऊन येताना बिंग फुटलं असतं. पाय तिनं लुगड्याखाली घेतले होते. आशा मागं खांबाला टेकून उभी होती.

"चढताना, ओझं उचलताना दम लागतो?"

"नाही जी."

"पायांवर सूज येते?"

"कायले येईन?"

"रात्री झोपताना डोक्याखाली उशा किती घेता?"

सोजरबाईला हसूच आलं. "उशी? आमच्या घरात एक बी उशी नाही, मास्तर."

हे उत्तर देताना तिला फार बरं वाटलं, कारण तेवढं एक खरं होतं. ज्याला आडवं झोपवत नाही तो उशीवर उशी रचत असणार, असं दिल्लीतल्या कोणा शहाण्याला वाटलं असेल. फोपनारात उशी असलीच तर पाहुण्यासाठी. घरची माणसं हाताची उशी करतात, आणि बसून झोपणाऱ्याला पोतं पुरतं. पोत्याचा प्रश्न कोणी काढला नव्हता.

आशा पुढं सरकली. "मास्तर, मायले..." एवढंच बोलली. सोजरबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, आणि पोरीनं ओठ मिटून घेतले.

मास्तरांनी ते पाहिलं. समजले की नाही सांगता येत नाही, पण ते लगेच उठले नाहीत. छत्री मिटून म्हणाले, "बाई, हे मी कशासाठी विचारतोय ते सांगतो. पटकी किती जणांना झाली, देवी किती जणांना आल्या, हे सरकार मोजतं. पण हृदय थकून माणूस हळूहळू बसत जातो, त्याचा हिशेबच नाही. दिल्लीला वाटतं हा विलायतेचा रोग, फार तर मुंबईच्या शेटजींचा. म्हणून काही गावं निवडून विचारायचं आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधायचा. दवाखाने चार लागतील की चारशे, ते त्यावर ठरणार."

"देशाचं मी काय करू, मास्तर? माझी पोरगी उजवायची हाय."

"ते खरंच आहे," मास्तर म्हणाले आणि उठले.

सोजरबाईला राहवलं नाही. "गावात किती निघाले असे?"

"एकही नाही. शाहपुरातही नाही. मी गणिताचा माणूस, मला शून्याचं भय वाटतं. त्याला पुढं कितीनंही गुणा, शून्यच येतं."

मास्तर गेले. इतके दिवस सोजरबाईला अंधुक वाटायचं, की आपल्यासारखं आणखी कोणी असेलच. आता सरकारी माणसानं सांगितलं, कोणी नाही. एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या देशात ही खोड देवानं तिच्याच छातीत घातली होती. तिला लाज वाटली. आजाराची लाज वाटावी, हे किती चुकीचं आहे हे सांगायला तिथं कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी शाहपूरचा छकडा दाराशी आला. मोतीलाल उतरले आणि गिरधरबरोबर केळी पाहायला बागेत गेले. मालूबाई सावकाश, हातानं धरून धरून उतरल्या. बाई भारदस्त, लुगडं कोरं, कपाळाला मोठं कुंकू. पण पायांत तोडे नव्हते. एवढ्या खात्यापित्या घरची सवाष्ण बाई पायात चांदी न घालता सोयऱ्याच्या घरी येते, याचा अर्थ सोजरबाईनं असा काढला, की आम्हाला काही मान द्यायची गरज यांना वाटली नाही. तिचे स्वतःचे तोडे सुजलेल्या पायांत रुतून बसले होते, काढायचे तर सोनारानं कापूनच काढावे लागले असते, आणि तोडे कापणं म्हणजे अपशकुन.

आशानं ताटलीत बिबड्या तळून आणल्या. बिबड्या म्हणजे ज्वारीचे खारे पापड, तिच्या हाताचे, पारदर्शक म्हणावे इतके पातळ. मालूबाईंनी ताटली बघितली आणि हळूच दूर सारली.

"आज उपास हाय मले."

सोजरबाईनं मनातल्या मनात सगळे देव आणि सगळे वार तपासले. आज कोणाचाच उपास नव्हता. पोरीच्या हातचं खाल्लं नाही म्हणजे पोरगी पसंत नाही, एवढं कळायला कोणाची गरज नव्हती. तिचा चेहरा पडला. आशाही ताटली उचलून निमूट आत गेली.

पण मालूबाई उठायचं नाव घेईनात. उलट म्हणाल्या, "धाब्यावर वाळवण घातलं असंल ना? पाहू तरी पोरीचा हात."

धाबं म्हणजे घराचं सपाट मातीचं छप्पर. भिंतीला लागून मातीच्या पायऱ्या वर गेलेल्या. तिकडे रीत अशी, की सोयरी बाई आली की वाळवण तिला मुलीच्या आईनंच दाखवायचं. पोरीनं आपली करणी आपणच दाखवली तर ती मिरवणारी ठरते. आशा आतून धावत आली, "मी दाखवते, माय!" पण सोजरबाई पदर खोचून उभी राहिली. इथवर आणलेलं गलबत पायऱ्यांवर बुडू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पुढं झाली. मालूबाई मागून चढू लागल्या.

थोडं वर गेल्यावर सोजरबाईच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती थांबली. का थांबलो याला निमित्त पाहिजे होतं. ते शोधेपर्यंत मागून मालूबाईंचाच आवाज आला, "तुमचा निंब मोठा झकास हाय हो."

"सासऱ्यांनी लावला," सोजरबाई म्हणाली. देवच धावला असं तिला वाटलं.

दोघींनी निंब पाहिला. नको तितका वेळ पाहिला. मग आणखी थोडं चढल्या.

"आणि ती गाय कोणाची?" मालूबाईंनी विचारलं.

"शेजारच्या भागाबाईची."

"दूध देते?"

"नाही. आटली."

आटलेल्या गाईबद्दल आणखी किती बोलणार? धाबं अजून वरच होतं. सोजरबाईनं पुढची पायरी चढायला पाय उचलला, आणि तो तसाच खाली ठेवला. मग ती पायरीवर बसलीच. आता संपलं, सोयरीक मोडली, हे तिला कळलं, पण त्या क्षणी सोयरिकीपेक्षा हवा जास्त हवी होती. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत राहिली. आपल्या श्वासाचा आवाज तिला ओळखीचा होता. काही वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आवाज एक नाही, दोन आहेत. तिनं वळून पाहिलं. खालच्या पायरीवर मालूबाई बसल्या होत्या. कुंकू घामानं ओघळलं होतं, आणि त्याही तशाच तोंडानं श्वास ओढत होत्या.

बोलायला कोणाकडं श्वासच शिल्लक नव्हता.

"कधीपासून?" शेवटी मालूबाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?" सोजरबाई सवयीनं म्हणाली, आणि मग तिचंच तिला हसू आलं. "हिवाळ्यापासून. तुमाले?"

"मले दुसरं वरीस. बऱ्हाणपूरच्या डॉक्टरनं मीठ बंद केलं म्हणून बिबडी खाल्ली नाही, बाई. राग नका धरू. तोडेही सोनारानं कापून काढले. कोणाले सांगितलं नाही."

"मास्तर तुमच्याकडं बी आले असतीन?"

"आले व्हते. नाही म्हणून सांगितलं. माझी निर्मला लग्नाची हाय, रमेशच्या पाठची. कसं सांगू?"

सोजरबाईला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. आपण एकट्या नाही हे कळल्यावर माणसाला आनंद होतो, मग तो आनंद दुसऱ्याच्या दुखण्यावर झाला म्हणून वाईटही वाटतं. तिला दोन्ही वाटलं. तिनं हात लांब करून मालूबाईंच्या खांद्यावर ठेवला.

मालूबाई सावरून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाहा, तुमचं मी कोणाले सांगत नाही, माझं तुम्ही सांगू नका. पोरगी मले पसंत हाय. याच महिन्यात लगीन उरकू. मले घाई हाय. रात्री मी घसरते, मग उठवून बसवाले कोणी लागतं. निर्मलाची झोप जड. सून आली म्हणजे मले आधार व्हईन."

म्हणजे सगळं जमलं होतं. ज्या एका शब्दासाठी सोजरबाई चार महिने श्वास चोरत होती, तो शब्द पदरात पडला होता. पण तिच्या डोळ्यांपुढं आशाचे दोन हात आले. रात्री तिच्या काखांत शिरणारे, तिला वर ओढणारे ते हात शाहपूरला जाऊन दुसऱ्या बाईला वर ओढणार होते. तिला मालूबाईंचा राग आला. समोरची बाई धापा टाकत होती म्हणून तो फार टिकला नाही, पण आला हे खरं.

"पोरीले हे सांगून देईन मी," ती म्हणाली.

"सांगाल तर ती नाही म्हणीन."

"मंग म्हणू दे. अंधारात कशी देऊ तिले?"

"मले ठाऊक हाय, माय," खालून आशाचा आवाज आला.

पायऱ्यांच्या पायथ्याशी आशा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बागेतून परत आलेले दोघं पुरुषही तिच्या मागं येऊन थबकले होते. आशा वर आली, आधी मालूबाईंना पाणी दिलं, मग आईला. "या छकड्यातून उतरल्या तवाच मले समजलं," ती म्हणाली. "तू ओट्यावरून उतरते तशाच उतरल्या. मी यांना उठवीन. मले येतं ते. पण मी गेल्यावर, माय, तुले कोण उठवीन?"

पोरीनं हे रागानं विचारलं नाही. खरंच उत्तर पाहिजे म्हणून विचारलं. गिरधरनं डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि परत घातली. मालूबाई सुपारीचं काही न बोलता छकड्यात जाऊन बसल्या. छकडा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरधर बायकोसमोर येऊन उभा राहिला. "चाल," म्हणाला. "शाळेत डॉक्टर बसला हाय."

"सारा गाव पाहीन."

"पाहू दे."

त्याचं हे बायकोसाठीचं सगळ्यात लांब भाषण असावं. सोजरबाई निघाली. एका बाजूला आशा, दुसऱ्या बाजूला, जरा अंतर राखून, गिरधर. ती दर ओट्यावर टेकत टेकत चालली. असं टेकत चालल्यामुळं जे कधी दिसलं नव्हतं ते तिला दिसू लागलं. भागाबाईच्या दारातल्या खाटेवर गोधड्यांचा उंच ढीग होता आणि त्याला बरोबर माणसाच्या पाठीएवढा खळगा पडला होता. भागाबाई हल्ली विहिरीवर येत नव्हती. सून येऊ देत नाही, असं सांगायची. पुढं दगाबुवा भिंतीला टेकून बसल्या जागी झोपला होता. आळशी म्हणून ज्याची सारा गाव टिंगल करी तो हा दगाबुवा. त्याचे पाय तिनं आज नीट पाहिले, केळीच्या खांबासारखे झाले होते. गोदाबाई दारातच उभी होती. सोजरबाईला टेकताना पाहून ती पटकन आत वळली, पण आत वळताना तिनंही चौकट धरली. सोजरबाईला बोलावंसं वाटलं. ती बोलली नाही. गोदाबाईची नात यंदा दाखवायची होती.

शाळेत डॉक्टर रिकामे बसून वर्तमानपत्र वाचत होते. वामन मास्तरांनी सोजरबाईला पाहिलं आणि खुर्ची पुढं केली. त्या दिवशी 'नाही' का म्हणालात, असं त्यांनी विचारलं नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले, पाठीवर कान दिल्यासारखं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं हृदय थकलंय. जेवढं रक्त ढकलायला हवं तेवढं ते ढकलत नाही, म्हणून पाणी पायांत उतरतं आणि छातीत साठतं. हे साफ बरं करीन असं मी म्हणणार नाही. पण पाणी उतरवायची सुई आहे, हृदयाला जोर देणारी गोळी आहे, आणि मीठ तोडायचं. नेमानं घेतलंत तर आडव्या झोपू शकाल."

आडवं झोपणं! तेवढं ऐकूनच सोजरबाईला झोप आली.

"गावात आणखी कोणी आहे का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

भागाबाई, दगाबुवा, गोदाबाई सोजरबाईच्या जिभेवर होते. ती मास्तरांकडं वळली. "नावं मी सांगणार नाही, मास्तर. त्यांच्या बी घरात पोरी हायेत. पण तुम्ही आषाढात या. लगीनं आटोपलेली असतीन. तवा विचारा, आणि उशीचं नका विचारू. रात्री कशाले टेकून बसता, ते विचारा."

मास्तर मान खाली घालून हसले, पण ते हसू काही फार सुखाचं नव्हतं. त्यांच्या झोळीत कितीतरी गावांची शून्यं होती, आणि ती सगळी वैशाखातली होती.

एवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. शाहपूरचा छकडा शाळेसमोर थांबला होता. आत मालूबाई आणि त्यांच्या शेजारी बैल हाकणारा त्यांचा रमेश. मास्तर लगबगीनं बाहेर गेले. मालूबाईंनी छकड्यातूनच विचारलं, "तपासणी इथंच हाय ना? मी बी आली. पण लिहाल तर शाहपूरच्या खात्यात लिहा. फोपनारच्या नको. आमचं गाव वेगळं हाय."

एवढ्या धापेतही गावाचा अभिमान सोडायला बाई तयार नव्हती. सोजरबाई दारापर्यंत आली. आशा धावत जाऊन छकड्याजवळ उभी राहिली.

मालूबाईंनी पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि सोजरबाईला म्हणाल्या, "पोरीनं काल विचारलं त्याचं उत्तर सापडलं का?"

"नाही," सोजरबाई म्हणाली.

"मले सापडलं. लगीन आता नको. तुळशीचं लगीन झालं की मंग करू. तवर पोरगी तुमच्याजवळ राहू द्या. तुम्ही गोळ्या घ्या, आडव्या झोपाले लागा, मंग नेते मी तिले."

तुळशीच्या लग्नापर्यंत कोण राहतं, कोण जातं, हे दोघींपैकी एकीलाही सांगता येत नव्हतं. घाई जर कोणाला होती तर ती मालूबाईंनाच होती, आणि त्याच थांबायला तयार झाल्या होत्या.

"आणि तवर तुमाले कोण उठवीन?" तिनं विचारलं.

"हा रमेश हाय की. मी जन्म दिला याले. माय उठवता येत नाही व्हय याले? शिकीन."

रमेश कासऱ्याशी खेळत मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले, पण तो नाही म्हणाला नाही. गिरधर पुढं झाला आणि त्यानं न बोलता मालूबाईंना उतरायला हात दिला.

सोजरबाईला रडू आलं. रडायलाही श्वास लागतो. म्हणून ती चौकट धरून आधी थोडी थांबली, छातीत पुरेसा साठवला, आणि मग सगळ्यांसमोर मनसोक्त रडली.